पाच फूट चार इंचांवर बांधलेली घंटी

अंबड, ९ जून १९९६

चि. सत्यशीला,

जयभीम. पत्र मावशीच्या पत्त्यावर टाकतो आहे, पण पाकिटावर नाव तुझं आहे. तेव्हा तूच फोडावंस.

सोबत पार्सल आहे. वाटूरच्या गाडीचा कंडक्टर रामकिसन, त्याच्या हाती दिलं आहे. आत नवा पट्टा आहे. जुन्या पट्ट्यात चार दोष होते, ते मी शोधून काढले. एक तर तो सव्वा इंच रुंदीचा होता म्हणून रुतायचा. हा दोन इंची आहे. काखेत येतो त्या जागी जुन्या सीटचा फोम घालून दुहेरी शिवण मारली आहे. बकल मागे होतं ते पुढे घेतलं, म्हणजे तुझं तुला आवळता येईल, दुसऱ्याचा हात लागायला नको. पाठीवरची पट्टी सागवानी, अकरा इंच, कडा पॉलिश पेपरनं घासल्या आहेत, हात फिरवून बघ. सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास बांधायचा. आठ दिवसांनी अर्धा तास वाढवायचा.

तुझी पाठ अशी गोल का झाली, ते पुन्हा सांगतो. चिडू नकोस. आठवीपासून तू पुस्तक जमिनीवर ठेवून त्याच्यावर ओणवी होऊन वाचत आलीस. त्यावर शिलाई मशीन आलं. डोकं काही हलकं नसतं, चार-पाच किलोचं असतं. ते खांद्याच्या रेषेच्या पुढे लोंबायला लागलं की मानेखालचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात आणि शेवटी हार मानतात. मी शाळा चौथीपर्यंतच केली, पण वाचनालयातलं शरीरशास्त्राचं पुस्तक दोनदा वाचून मणक्यांची चित्रं स्वतःच्या हातानं उतरवून घेतली आहेत. अंदाजानं बोलत नाही.

माझी, तुझ्या बापाची, पाठ बघ. अठ्ठेचाळीस वय झालं, बावीस वर्षं सायकलच्या दुकानात बसतो आहे, तरी ताठ. सगळा सवयीचा प्रश्न असतो.

एकवीस एप्रिलचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस. पाहुणे आले आणि गेले.

तुझ्या आईनं पार्सलात शेंगदाण्याची चटणी घातली आहे. तेल पट्ट्याला लागलं असेल तर पुसून घे.

तुझा दादा,
देवानंद साहेबराव खरात


अंबड, २६ जून १९९६

चि. सत्यशीला,

पार्सल परत आलं. सुतळीची गाठ मी मारलेलीच होती, म्हणजे उघडलंच नाही. चटणी वाया गेली.

रामकिसननं मावशीचा निरोप दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर सांगितला, तिच्या आवाजाची नक्कल करून. "दाजीला म्हणावं, पोरीच्या काखेतली खपली आत्ता कुठं पडली. डाव्या हाताची दोन बोटं अजून बधिर हायेत तिची, सुई धरता येईना. मंग तो पट्टा तुम्हीच बांधा अन् बसा दुकानात!" लोक हसले. मी हसलो नाही. मी पंक्चर बघत होतो, ट्यूब पाण्यात धरलेली होती, ती तशीच धरून बसलो.

बोटं बधिर आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता मला नीट कळव. कोणती दोन बोटं? करंगळी आणि तिच्या शेजारचं, की अंगठा आणि त्याच्या शेजारचं? कायम बधिर की झोपून उठल्यावर? गार-गरम कळतं का? पुस्तकात पान एकशे बारावर हाताच्या नसांची आकृती आहे. काखेतून त्या सगळ्या एका जुडीनं खाली उतरतात. त्यांच्यावर दाब पडला आणि बराच वेळ राहिला, तर असं होऊ शकतं. बराच वेळ म्हणजे किती, हे पुस्तकात लिहिलेलं नाही.

त्या दिवशी मी पट्टा सकाळी नऊला बांधला. पाहुणे अकराला येणार होते, ते आले साडेतीनला. साडेसहा तास होतात. तू दोनदा म्हणालीस, "दादा, हाताला मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हणालो, आता येतीलच. तेव्हा चहाचा ट्रे तुझ्या हातून सुटला तो निष्काळजीपणानं सुटला नाही, असं मानायला जागा आहे.

मावशीनं आणखी एक सांगितलं. नर्सिंगच्या ट्रेनिंगला तुझा नंबर लागला आहे आणि दोन सप्टेंबरला डॉक्टरी तपासणी आहे. हे मला कंडक्टरकडून कळावं का?

तपासणीत पाठ बघतात. हात बघतात. सदुसष्ट दिवस आहेत. आजचा धरला तर अडुसष्ट.

उत्तर टाक. सोबत पत्ता घातलेलं पोस्टकार्ड आहे.

दादा


अंबड, १४ जुलै १९९६

चि. सत्यशीला,

कार्ड आलं नाही. म्हणून मी मंगळवारी दुकान बंद ठेवून औरंगाबादला जाऊन आलो. तिथं एका दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरनं मला दुसऱ्या खोलीत पाठवलं. तिथं व्यायामानं उपचार करणारी एक बाई बसते. बाई म्हणजे काय, तुझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. मी पट्टा, उतरवलेली चित्रं आणि तुझ्या मापांची वही तिच्या टेबलावर ठेवली.

तिनं पट्टा उलटासुलटा करून बघितला. म्हणाली, "शिवण छान आहे काका. घोड्याला होईल."

मी म्हणालो, "मॅडम, मी याचा चार वर्षं अभ्यास केलेला आहे."

"पेशंट कुठाय?"

"आली नाही."

"मग मी काय वहीला व्यायाम शिकवू?"

तरीही तिनं पाऊण तास दिला. बोलणं फटकळ, पण माहिती पक्की. मी लिहून घेतलं आहे ते तसंच देतो.

गोल पाठ दोन तऱ्हेची असते. एक सवयीची, स्नायूंची. तिच्यात मणके चांगले असतात. दुसरीत वाढत्या वयात मणकेच पुढून पाचरीसारखे होतात. तिला एक्स-रे लागतो आणि उपचार वेगळा. घरी अंदाज घ्यायचा तो असा. जमिनीवर पालथं झोपायचं, हात अंगाशी, आणि छाती थोडी वर उचलायची. मावशीला बाजूनं बघायला सांग. बाक मोडून पाठ सपाट झाली तर बहुतेक सवयीची आहे. तसाच राहिला तर ताबडतोब डॉक्टर गाठायचा. सत्यशीला, एवढं एक कर. मला कळवू नकोस हवं तर, पण कर.

दुसरं, भिंतीचं माप. टाचा, बूड आणि पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर ठेवून उभं राहायचं. डोक्याची मागची बाजू सहज भिंतीला लागली पाहिजे. लागत नसेल तर मधल्या जागेत दुसऱ्या माणसानं आडवी बोटं घालून मोजायचं. किती बोटं बसतात ते तुझं माप. दर रविवारी मोजायचं. रीत समजावी म्हणून तिनं मलाही भिंतीला उभं केलं. माझी बोटं इथं लिहिण्याचं काही कारण नाही.

पट्ट्याबद्दल ती म्हणाली की सवयीच्या पाठीला तो बांधूच नये. पट्टा ओढतो म्हटल्यावर पाठीचे स्नायू कामच सोडून देतात. बधिर बोटांबद्दल म्हणाली, दाब गेला की नस हळूहळू सुधारते, काही महिने लागतात. पण बधिरपणा वाढत असेल, पकड कमी होत असेल, तर एक दिवसही थांबायचं नाही.

शेवटी तिनं विचारलं, "मुलगी उंच आहे का हो?"

म्हटलं, "पाच फूट साडेसात."

"उंच मुली बऱ्याचदा वाकतात. घरात कोणी म्हणतं का तिला, खाली हो म्हणून?"

मी म्हणालो, "नाही."

व्यायामांचा कागद सोबत आहे. आकृत्या मी काढल्या आहेत.

दादा


अंबड, ३० जुलै १९९६

सत्यशीला,

तुझ्याकडून अजून काही नाही. मागच्या पत्रात मी त्या बाईला "नाही" म्हणालो असं लिहिलं होतं. तू ते वाचलं असशील तर कागद भिरकावला असशील. मग आता मीच लिहितो. तू लिहिणार नाहीस, आणि तुझी आई बोलत नाही. ती ताट वाढते आणि शेजारच्या गिरिजाबाईकडे जाऊन बसते.

पहिलं स्थळ आलं तेव्हा तू अठराची होतीस. बाहेर पडताना मुलाची आत्या म्हणाली, "पोरगी गुणाची हाये, पण नवऱ्याच्या डोक्यावरून रस्ता बघंल." सगळे हसले, मीही हसलो. दुसऱ्या स्थळालाही तेच. तिसऱ्या वेळी मी आधीच माणूस पाठवून मुलाची उंची काढली. परतूरचा मास्तर, पाच फूट पाच इंच. मुलगी त्याच्याहून इंचभर तरी कमी दिसावी, म्हणजे तुला साडेतीन इंच कमी व्हायचं होतं. दुसऱ्या बापानं नुसतं "जरा वाकून चाल" म्हणून सोडून दिलं असतं. मी अंदाजानं काम करत नाही. मी मधल्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी ताणली, टेपनं मोजून पाच फूट चार इंचांवर, आणि मधोमध सायकलची घंटी टांगली. तुला तिच्याखालून ट्रे घेऊन चालायला लावलं. डोकं लागलं की घंटी वाजायची आणि मी म्हणायचो, पुन्हा.

गुडघ्यात वाकायचं नाही, ते दिसतं. खांदे पुढे घे, मान खाली घाल, पाठ सोड, म्हणजे लाजरी दिसतेस. हे मीच सांगितलं. सगळी शिकवणी माझी. पहिल्या दिवशी घंटी एकोणीस वेळा वाजली. पंधरा दिवसांत बंद झाली. मी तुझ्या आईला म्हणालो, "बघ, जमलं पोरीला." ती म्हणाली, "अहो, दोरी सोडा आता. ती पाणी भरतानी बी तशीच चालून राह्यली." मी दोरी सोडली नाही, कारण पुढचं स्थळ पाच फूट चारचं होतं. ती एक इंच खाली घेतली.

मग चौथे पाहुणे म्हणाले, मुलीला पोक आहे. तेव्हा मी पट्टा केला.

माझे वडील, तुझे आजोबा साहेबराव, गावात असताना वेशीतून जाताना वाकून जायचे. जावंच लागायचं. छप्पन साली दीक्षा घेऊन आले त्या दिवशी त्यांनी मला, आठ वर्षांच्या पोराला, घराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि माझ्या हनुवटीखाली बोट घालून ती वर उचलली. "आता इथनं खाली आणायची न्हाई." जयंतीच्या सभेत मी ही हकिकत दर वर्षी सांगतो. यंदाही सांगितली, चौदा एप्रिलला. तू पहिल्या रांगेत बसलेली होतीस, खांदे पुढे घेऊन. सात दिवसांनी मी तुला पट्टा बांधला.

आणि ट्रे पडल्यावर मी तुझ्यावर हात उचलला. सगळ्यांसमोर. हे आधीच्या तीन पत्रांत लिहिलं नाही.

काल दुकानात एक चाक आलं. रिम एका बाजूला झुकलेली. असा आउट काढायचा तर ज्या बाजूला झुकली तिकडचे आरे आधी सैल करावे लागतात, मग समोरचे थोडे थोडे आवळायचे. सैल न करता नुसतंच आवळत गेलं की आरा तुटतो किंवा रिम चिरते. हे मी कोणाकडून शिकलो नाही, स्वतः चाकं नासवून शिकलो. बावीस वर्षांत हजारो चाकं सरळ केली असतील. त्या बाईच्या कागदावर तेच आहे. आधी दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती मोकळी करायची, पुढचं सैल करायचं, मग खांद्याची पाती मागे घेऊन पाठ बळकट करायची. चाक हातात धरून मी तो कागद आठवत होतो. गिऱ्हाईक म्हणालं, "काय मिस्त्री, तब्येत बराबर हाय न्हं?"

दादा


अंबड, १९ ऑगस्ट १९९६

सत्यशीला,

मी काल वाटूरला आलो होतो. मावशीच्या घरापर्यंत आलो नाही. फाट्यावर उतरून हॉटेलच्या बाकावर बसलो. म्हटलं, दिसलीस तर लांबून पाठ बघावी आणि जावं.

सव्वाअकराला तू पिठाच्या गिरणीतून येताना दिसलीस. डबा उजव्या हातात. म्हणजे डाव्यात अजून जोर नाही का? रस्ता रुंद होता. वर तार नाही, छप्पर नाही, फांदी नाही. आणि तू मधेच, काही नसताना, डोकं खाली घेतलंस आणि चार पावलांनी वर काढलंस. आपल्या मधल्या खोलीत दोरीखालून पार व्हायला लागतं, तेवढं अंतर चालून.

मी हाक मारायला उठलो होतो. परत बाकावर बसलो. हॉटेलवाला म्हणाला, "चहा थंडा झाला, बदलून देऊ का?"

घरी आलो आणि दोरी सोडली. भिंतीत खिळे होते तेही उपटले. तुझी आई दारात उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मे महिन्यात सोडली असती, तर मी तुमच्याशी बोलले असते." चार महिन्यांत एवढंच बोलली.

चौदा दिवस उरले. मी आता तुला शिकवत नाही, हात जोडतो. तू पालथी झोपून पाहिलंस का? बाक मोडतो का? तेवढं एक मला कळलं पाहिजे. रोज सायकलींवर ओणवा झालो की तेच डोक्यात येतं. बाक मोडत नसेल तर पोरीची हाडं मी वाकवली, असं होईल. ती बाई म्हणाली होती की तशा पाठीचं कारण वेगळं असतं, वाकवून हाडं तशी होत नाहीत. मी तिला तीनदा विचारून घेतलं. तरी विश्वास बसत नाही. तिला दोरीचं माहीत नव्हतं ना.

तुला लग्न करायचं नसेल तर नको. करायचं असेल तर उंची तुझी तू सांग. मी यापुढे कोणाची उंची मोजणार नाही.

रामकिसनबरोबर घंटी पाठवतो आहे. पट्टा नाही, फक्त घंटी. फेकायची तर तुझ्या हातानं फेक. ठेवायची तर मावशीच्या पडवीत पाच फूट आठ इंचांवर टांग आणि तिच्याखाली उभी राहा. टाचा उचलायच्या नाहीत. हनुवटी किंचित आत घ्यायची आणि टाळू वर, वर न्यायची. त्या बाईनं मला असंच सांगितलं होतं, डोक्याला वरून कोणी दोरा बांधून ओढतं आहे असं समजा. माझ्या डोळ्यांसमोर दोरा आला नाही, घंटी आली. तू उभी राहिलीस की अर्धा इंच कमी पडेल. रोज थोडं वर गेलीस तर एखाद दिवशी लागेल.

यावेळी वाजली पाहिजे.

दादा


अंबड, ८ सप्टेंबर १९९६

सत्यशीला,

तुझं कार्ड काल दुपारी आलं. मी जूनमध्ये पाठवलेलं तेच, माझ्याच अक्षरातला पत्ता. पोस्टमननं दुकानासमोर सायकल लावली आणि म्हणाला, "मिस्त्री, ब्रेक बी बघा अन् हे बी बघा." मी उभ्यानं वाचलं. मग बसून वाचलं. मग घरी जाऊन तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाचा." इथंही उतरवून ठेवतो, म्हणजे मी काही वाढवून वाचलं नाही हे तुला कळेल:

"दादा, तपासणी झाली. पालथं झोपवून बघितलं. पाठ सरळ होते. घेतलं मला. करंगळी अजून थोडी बधिर आहे, दुसरं बोट सुटलं. घंटी पडवीत आहे. भिंतीपासून माझी तीन बोटं. तुमची? – सत्यशीला."

शेवटच्या शब्दापाशी मी थांबलो. जुलैतल्या पत्रात मी ते एका ओळीत उडवून लावलं होतं. तू ती ओळ बरोबर धरून ठेवलीस.

दवाखान्यात त्या बाईनं मला भिंतीला उभं केलं आणि डोक्यामागे बोटं घालून म्हणाली, "काका, पोरीला आणा, पण नाव तुमचंही लिहून ठेवते. चार." मी म्हणालो, भिंत ओळंब्यात नसेल. येताना गाडीत मी मान मागे टेकवायचा प्रयत्न करत होतो. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, "भाऊ, झोप लागली का?" म्हणजे बावीस वर्षं मी खाली मान घालूनच बसलो होतो, आणि दर जयंतीला उभा राहून दुसऱ्यांना सांगत होतो. आरशात माणूस समोरून दिसतो, बाजूनं दिसत नाही.

आज रविवार. सकाळी मधल्या खोलीत, खिळ्यांची भोकं आहेत त्या भिंतीला, टाचा टेकवून उभा राहिलो. आपलं माप आपल्याला घेता येत नाही, दुसऱ्याचा हात लागतो. तुझ्या आईला हाक मारली. ती आली, हात पदराला पुसले, आणि डोक्यामागे एकेक बोट घालत मोठ्यानं मोजलं. शेवटचं घालताना जरा ढकललं, असं मला वाटतं.

तिची बोटं बारीक आहेत. माझ्या बोटांनी चारच भरतील, फार तर साडेचार.

पण मोजणारी ती होती. पाच लिहितो.

दादा